कारणांची वही

कोल्हापूरच्या उद्यमनगरात १९८८च्या जूनमध्ये मी नोकरीला लागलो, तेव्हा फाउंड्री मला पुस्तकापुरतीच माहीत होती. मेकॅनिकलचा डिप्लोमा झालेला, वडील कागल तालुक्यात ऊस करणारे. पगार साडेसातशे रुपये. ज्यांच्याकडे लागलो त्यांना सगळं उद्यमनगर अण्णा म्हणायचं, मीही शेवटपर्यंत अण्णाच म्हणत राहिलो. सातवी शिकलेला माणूस. वडील मोल्डर, स्वतःचे हात तेराव्या वर्षापासून वाळूत. मी गेलो तेव्हा त्यांनी पन्नाशी ओलांडली होती. अडतीस कामगार, एक क्युपोला (लोखंड वितळवायची कोकवरची भट्टी), बुधवारी आणि शनिवारी हीट म्हणजे ओतकाम, आणि ऑइल इंजिन व पंपांची कास्टिंग हा धंदा.

आज माझा स्वतःचा कारखाना आहे. धंदा कसा करावा, निर्णय कसा घ्यावा, घेतलेला निर्णय अंगावर आला की कसं उभं राहावं, हे मला कुठे शिकायला मिळालं असं कुणी विचारलं तर माझ्यापुढे एकच माणूस उभा राहतो. त्यांच्या ऋणाचा आकडाही मला सांगता येतो. चौदा लाख रुपये. ते अजून फिटलेले नाहीत, आणि ते का फिटले नाहीत तेच आज लिहायला बसलोय.

लागून चार महिने झाले असतील. शनिवारची हीट होती आणि चार्ज माझ्याकडे होता. क्युपोलात कोकच्या थरावर पिग (कच्चं लोखंड), भंगार, चुनखडी, पुन्हा कोक असे थर कोणत्या मापाने जातात ते बघणं माझं काम. पहिलं लोखंड काढलं की आधी वेज ओततात. पाचरीच्या आकाराचा छोटासा तुकडा. तो लालसर निवला की पाण्यात विझवायचा, हातोड्याने मोडायचा आणि तुटलेली बाजू बघायची. टोकाला पांढरं किती आणि मागे राखाडी किती, यावरून लोखंड कळतं. पांढरं जास्त आत गेलं असेल तर कास्टिंग कडक होणार आणि गिऱ्हाइकाच्या मशीनवर टूल मोडणार. त्या दिवशी वेज मोडला तर पांढरं नेहमीच्या दुप्पट आत गेलेलं. लॅडलमध्ये फेरोसिलिकॉन टाकून दुसरा वेज ओतला. तोही तसाच.

बाहेर ट्रक लागलेला, साचे मांडून तयार, मोल्डर लॅडल धरून उभे. चारशे किलो वितळलेलं लोखंड दर मिनिटाला निवत होतं. अण्णांनी वेजचे दोन तुकडे हातात घेऊन उजेडाकडे धरले आणि म्हणाले, "पिगात ओता." म्हणजे जमिनीतल्या खड्ड्यात ओतून टाका, पुन्हा वितळवू. मी म्हणालो, अण्णा, माल आज गेला नाही तर गिऱ्हाईक बोलेल. ते म्हणाले, "उशीर झाला तर बोलंल. टूल मोडलं तर बोलायलाबी येणार न्हाई."

संध्याकाळी त्यांनी मला ऑफिसात बोलावलं. शिव्या खायच्या तयारीनेच मी गेलो होतो. ऑफिस म्हणजे पत्र्याची खोली, एक टेबल, भिंतीवर अंबाबाईचा फोटो. त्यांनी विचारलं, "भंगाराचा ढीग टाकला तवा तुला काय दिसत हुतं?" मी सांगितलं, नेहमीसारखंच भंगार दिसलं. "नेहमीसारखं म्हंजे?" मग आठवून आठवून सांगत गेलो. खालच्या थरात पोलादी पत्रा जास्त होता, मला तो वेगळा वाटला होता, पण वजन बरोबर भरलं म्हणून मी जाऊ दिला. अण्णा म्हणाले, "म्हंजे वेगळं वाटलं हुतं. हे लिवून ठिव."

आणि त्यांनी टेबलाच्या खणातून ती वही काढली.

लाल कापडी बांधणीची, रोजमेळाला वापरतात तशी लांबट वही. डाव्या पानावर तारीख आणि चार गोष्टी: काय ठरलं, का ठरलं, काय व्हायला पाहिजे, भीती कशाची. खाली सही. उजवं पान कोरं. ते वर्षाने भरायचं, "झालं काय" असा मथळा टाकून. खंडेनवमीला आमच्याकडे हातोडे, फावडी, लॅडल सगळं धुऊन मांडतात, त्यावर हळदकुंकू वाहतात. त्या मांडणीत ही वहीही असायची. पूजा झाली की अण्णा ती उघडायचे, मागच्या दसऱ्यापासूनची डावी पानं वाचायचे आणि उजवी भरायचे. आम्हाला सगळ्यांना समोर बसवून मोठ्याने वाचायचे.

जुन्या वह्याही त्यांनी मला वाचायला दिल्या. १९७२च्या दुष्काळातलं एक पान माझ्या डोळ्यांसमोर आहे. डावीकडे लिहिलं होतं, पाऊस नाही, इंजिनांना मागणी राहणार नाही, पण विहिरी खोल जातील तेव्हा पंप लागतील, म्हणून पंपाचे नवीन पॅटर्न करून घ्यायचे. उजवीकडे वर्षानंतरचं अक्षर: "पंप खपले नाहीत. विहिरीचा विचार केला, शेतकऱ्याच्या खिशाचा केला नाही." एवढंच. कुणावर राग नाही, नशिबाला बोल नाही. पॅटर्नचा खर्च किती बुडाला तो आकडा मात्र होता.

मी त्यांना एकदा विचारलं, चुकलेलं असं कशाला जपायचं? ते म्हणाले, माणूस निकाल बघून कारणं बदलतो. फायदा झाला की म्हणतो, मला आधीच कळलं होतं. तोटा झाला की म्हणतो, मी सांगत होतो पण कोण ऐकतंय. दोन्ही वेळा तो खोटं बोलत नसतो, त्याला खरंच तसं आठवत असतं. म्हणून आठवणीवर सोडायचं नाही.

पुढे बऱ्याच वर्षांनी पुण्यात व्यवस्थापनाचा एक छोटा अभ्यासक्रम केला तेव्हा कळलं की अगदी हीच गोष्ट बारूख फिशहॉफ या संशोधकाने १९७५मध्ये दाखवली होती. अमेरिकेचे अध्यक्ष निक्सन चीनला आणि रशियाला जाण्याआधी त्याने विद्यार्थ्यांना विचारून ठेवलं, अमुक घडण्याची शक्यता किती. दौरे झाल्यावर त्यांनाच विचारलं, तुम्ही तेव्हा किती सांगितली होती? जे घडलं होतं त्याची शक्यता आपण आधीच जास्त धरली होती, असं त्यांना आठवू लागलं. व्यवस्थापनतज्ज्ञ पीटर ड्रकरने १९९९च्या एका लेखात सांगितलं आहे की महत्त्वाचा निर्णय घेतला की काय होईल असं वाटतं ते लिहून ठेवावं आणि नऊ ते बारा महिन्यांनी ताडून बघावं. तो लेख वाचताना माझ्या अंगावर काटा आला. अण्णांनी ड्रकरचं नावही ऐकलेलं नव्हतं.

त्यांचा आदर्श वेगळाच होता. उद्यमनगरातल्या जुन्या लोकांच्या तोंडी म्हादबा मेस्त्रींचं नाव असायचं, अण्णांच्याही असायचं, पण ते खरे रमायचे लक्ष्मणराव किर्लोस्करांत. मुंबईच्या व्हीजेटीआयमधली मास्तरकी सोडून लक्ष्मणराव बेळगावला आले, लोखंडी नांगर केले, ते खपायला दोन वर्षं लागली. लोखंडाने जमीन विषारी होते असं शेतकऱ्यांना वाटायचं. पुढे बेळगावातली जागा सोडावी लागली आणि १९१०मध्ये औंध संस्थानात, बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी दिलेल्या माळावर कुंडल रोड स्टेशनजवळ किर्लोस्करवाडी उभी राहिली. ही गोष्ट आमच्याकडे शाळेतल्या पोराला माहीत असते. अण्णा ती वेगळ्या जागी थांबवायचे. "ती दोन वर्षं," ते म्हणायचे. "नांगर पडून हायत, कुणी घेईना. रोज सकाळी उठून त्या माणसानं काय ठरवलं असंल? आणि का ठरवलं असंल? ते मला कुणी सांगत न्हाई." आणि मग थोडं थांबून म्हणायचे, असाच हट्ट धरून बुडालेले किती असतील, त्यांच्या नावाच्या वाड्या झाल्या नाहीत. त्यांची कारणं लक्ष्मणरावांच्या कारणांपेक्षा वाईट होती की फक्त दिवस वाईट होते, हे आपल्याला कसं कळणार?

हा प्रश्न मला आजही सोडत नाही. यशस्वी उद्योजकांची चरित्रं मी पुष्कळ वाचतो, भाषणं ऐकतो. प्रत्येकात शेवट ठाऊक असल्याचा आत्मविश्वास असतो. ज्या दिवशी निर्णय झाला त्या दिवशीची भीती फार थोड्यांत सापडते.

आता ते चौदा लाख.

१९९६ साल. मी तोवर वर्क्स मॅनेजर झालो होतो. ट्रकच्या सुट्या भागांना मागणी जोरात होती. एका मोठ्या कंपनीच्या पुरवठादाराने आम्हाला महिन्याला साठ टनांचं काम देऊ केलं. त्यासाठी मोल्डिंग मशीनं आणि सँड प्लँट घ्यावा लागणार होता. कर्ज बावीस लाख, व्याज सतरा-अठरा टक्के. अण्णांचा एक नियम होता, एका गिऱ्हाइकाचं काम एकूण कामाच्या तिसऱ्या हिश्श्यापेक्षा जास्त होऊ द्यायचं नाही. हे काम घेतलं तर ते निम्म्याच्या वर जात होतं. मी महिनाभर त्यांच्या मागे लागलो. आलेख काढले, तक्ते केले, शेजारच्या कारखान्यांची उदाहरणं दिली. मला मनापासून वाटत होतं की अण्णांचा नियम जुन्या काळचा आहे.

एका सोमवारी, सुट्टीच्या दिवशी, त्यांनी मला ऑफिसात बोलावून वही पुढे सरकवली. "तूच लिही." मी लिहिलं. काय ठरलं, का ठरलं, काय व्हायला पाहिजे. पान भरत आलं. चौथ्या ओळीशी, भीती कशाची, मी पेन टेकवलं आणि लिहिलं, "नाही." अण्णांनी पान वाचलं. चष्मा काढून पुसला, पुन्हा वाचलं. मग पेन घेऊन माझ्या सहीच्या वर स्वतःची सही केली.

पुढचं वर्ष चांगलं गेलं. मग १९९७-९८पासून ट्रकचा बाजार घसरायला लागला. पुढे २०००-०१मध्ये टेल्कोसारख्या ट्रक बनवणाऱ्या कंपनीला पाचशे कोटींचा तोटा झाला, यावरून त्या मंदीची खोली कळेल. आमच्यासारख्यांना ती आधीच लागली. साठ टनांचे अठरा झाले, अठराचे अकरा. मशीनं उभी, वाळू सुकलेली, हप्ते चालू. पंधरा महिन्यांत चौदा लाख गेले.

बँकेत आम्ही दोघं गेलो होतो. मॅनेजर साहेब सज्जन होते, पण फाइल त्यांच्यापुढे होती. त्यांनी विचारलं, हा प्रकल्प कोणी सुचवला? माझ्या घशाला कोरड पडली. मी उठून बोलणार एवढ्यात अण्णांनी टेबलाखाली माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. म्हणाले, "निर्णय माझा हाय साहेब. सही माझी हाय." घरी जाताना त्यांनी मला काहीही विचारलं नाही. सानेगुरुजी वसाहतीत मुलासाठी घेऊन ठेवलेला प्लॉट त्यांनी दोन महिन्यांत विकला आणि बँकेचे थकलेले हप्ते भरले. अडतीसांपैकी एकालाही घरी पाठवलं नाही.

खंडेनवमीला वही उघडली. मी मान खाली घालून बसलो होतो. उजव्या पानावर त्यांनी सगळ्यांसमोर लिहिलं आणि वाचलं: "तोटा चौदा लाख. बाजार पडेल हे कुणालाच माहीत नव्हतं. पण ज्या पानावर भीती लिहिलेली नाही त्या पानावर मी सही केली. चूक माझी."

मी रात्री घरी जाऊन रडलो. दुसऱ्या दिवशी राजीनामा लिहून नेला. त्यांनी तो न वाचता घडी करून खिशात घातला आणि कोक कुणाकडून घ्यायचा याची तीन कोटेशनं माझ्यापुढे टाकली. वर्षभराच्या कोकची खरेदी. आमच्या धंद्यात याहून मोठा निर्णय क्वचितच असतो. "सांजपर्यंत पान लिवून आण," म्हणाले. "चुकलेल्या माणसाला लगीच दुसरं काम द्यावं लागतंय, न्हाईतर तो जल्मभर दुसऱ्याच्या सहीची वाट बघत बसतोय."

माझ्या आयुष्यात मला यापेक्षा मोठं कुणी काही दिलेलं नाही. प्लॉट विकणं मोठंच होतं, पण ती तीन कोटेशनं मला त्याहून मोठी वाटतात.

अण्णांचं सगळंच बरोबर होतं असं मी म्हणणार नाही, त्यांनाही ते आवडलं नसतं. गिऱ्हाइकं आयएसओ प्रमाणपत्र मागायला लागली तेव्हा त्यांनी तीन वर्षं टाळाटाळ केली आणि दोन चांगली गिऱ्हाइकं गमावली. विजेवरच्या इंडक्शन फर्नेसचं तसंच. आजूबाजूचे सगळे क्युपोला बंद करत होते, ग्रेड वाढत होत्या, आणि अण्णा कोकवरच होते. यावरून मी त्यांच्याशी भांडलोही. आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं की वहीत जे ठरवलं ते सगळं आहे, पण जे ठरवायचं टाळलं त्याला पान नाही. फर्नेस घ्यायची नाही असा निर्णय अण्णांनी कधी घेतलाच नव्हता, ते फक्त पुढे ढकलत राहिले, आणि त्यामुळे त्याचा हिशोब कुठेच लागला नाही. माझ्या वहीत मी पाचवी ओळ घातली आहे: काय टाळतोय.

२००१मध्ये मी गोकुळ शिरगावला स्वतःचं युनिट टाकलं. पहिल्या कर्जाला जामीन अण्णाच. पहिली वही त्यांनीच आणून दिली, तसलीच, लाल कापडाची.

२००८च्या दिवाळीनंतर जे झालं ते धंद्यातल्या माणसाला सांगायला नको. सप्टेंबरात अमेरिकेत लेहमन बँक बुडाली आणि नोव्हेंबरात आमच्याकडे फोन वाजायचे थांबले. माझ्याकडे बासष्ट माणसं होती. कुणाही एका गिऱ्हाइकाचं काम तिसऱ्या हिश्श्याच्या वर नव्हतं, तरी ऑर्डरी निम्म्यावर आल्या. दोन रात्री बसून मी पान लिहिलं. मार्चपर्यंत कुणाला काढायचं नाही, आठवड्यातले चारच दिवस काम, माझा पगार बंद, आणि येतील ते पैसे आधी छोट्या पुरवठादारांना, कारण पॅटर्नवाला आणि कोअरवाला बुडाला तर मंदी संपल्यावर आपल्याला माल करून द्यायला कुणी उरणार नाही. भीतीच्या खाली सहा ओळी झाल्या. त्या सहांतल्या पाचवीत लिहिलं होतं, मार्चनंतर काय ते मला माहीत नाही.

पान घेऊन मी अण्णांच्या घरी गेलो. तेव्हा ते बहात्तर वर्षांचे. सोप्यात बसून त्यांनी वही मांडीवर घेतली आणि वरचं काही न वाचता आधी चौथ्या ओळीवर बोट ठेवलं. सहाही ओळी बोट फिरवत वाचल्या. मग वर गेले. वाचून झाल्यावर म्हणाले, "हे पान बरं हाय." आणि आत हाक मारून माझ्यासाठी चहा सांगितला.

पुढच्या उन्हाळ्यापासून कामं परत यायला लागली. तशी आली नसती तरी ते पान बरंच होतं, हे अण्णांमुळे मला कळतं.

२०१०मध्ये माझी स्थिती बरी झाली तेव्हा मी चौदा लाखांचा चेक लिहून त्यांच्याकडे नेला. व्याज धरलं नव्हतं, ते धरायची माझी ताकद नव्हती. अण्णांनी चेककडे बघितलं आणि परत माझ्या हातात दिला. "तो तोटा वहीत माझ्या नावावर हाय. तू दिलास तर वही खोटी पडंल." मी पुष्कळ विनवलं. वहिनींनाही मध्ये घातलं. ते ऐकले नाहीत. तो चेक माझ्या १९९६च्या पानाच्या झेरॉक्सबरोबर माझ्या कपाटात आहे.

२०१४च्या जानेवारीत, एका बुधवारी पहाटे, अण्णा झोपेतच गेले. त्यांच्या मुलाचा मला फोन आला तेव्हा तो फाउंड्रीतच होता. क्युपोला पेटवलेला होता, कोकचा थर लाल झाला होता, पहिला चार्ज पडला होता. एकदा वारा सुरू केला की क्युपोला मध्येच फार वेळ थांबवता येत नाही, आतलं लोखंड गोठतं आणि भट्टीच फोडावी लागते. त्याने विचारलं, "काका, काय करू?" मी म्हणालो, अण्णा काही सांगून गेलेत का? तो म्हणाला, दोन वर्षांपूर्वीच्या वहीत एक पान आहे. काय ठरलं: माझा दिवस हीटचा असला तर ओतकाम पुरं करायचं, मग यायचं. का: साचे लोकांनी हाताने केलेले असतात. भीती: पोरं रडत ओततील, हात हलेल.

मी उद्यमनगरात पोचलो तोवर पहिला वेज मोडून बघितला होता. मुलाने दोन्ही तुकडे उजेडाकडे धरले आणि मान हलवली. मोल्डरांनी लॅडल उचलले. कुणी बोलत नव्हतं. दुपारी एकला शेवटचा साचा भरला, तळ पाडला, आणि आम्ही सगळे तसेच वाळूच्या हातांनी अण्णांच्या घरी गेलो.

त्या दिवशी साडेतीन टन ओतकाम झालं. अकरा नग रिजेक्ट झाले. दोन्ही आकडे उजव्या पानावर लिहिलेले आहेत.